निरोपावाचून चालणारी ग्रंथी

तळेगावच्या आमच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं, त्या दिवशी त्यात पहिलं रक्त घातलं गेलं ते माझं. मशीन बसवायला आलेला इंजिनीअर म्हणाला, "कुणातरी धडधाकट माणसाचं सॅम्पल द्या," आणि मी लगेच बाही वर केली. मी चोवीस वर्षांची होते, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डीएमएलटी, होऊन दीडेक वर्ष झालं होतं, आणि आपल्यासारखं धडधाकट कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आम्ही थायरॉइडच्या चाचण्या लावल्या. चहा पिऊन परत आलो तर रिपोर्ट तयार. टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही मर्यादेच्या वर, आणि टीएसएचसमोर आकड्याऐवजी नुसती 'मोजता येणार नाही इतका कमी' अशी खूण.

"सेटिंग चुकलंय तुमचं," मी इंजिनीअरला म्हणाले.

त्यानं कंपनीचा नमुना लावून दाखवला, तो बरोबर आला. मी दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच. तेव्हा तो मशीनकडे बघायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, तुमचे हात नेहमीच असे थरथरतात का?"

थरथरायचे. लहानपणापासून. पण रुग्णाची शीर शोधताना मी मनगट टेबलावर टेकवत असे, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. छाती धडधडायची, तर मला वाटे सगळ्यांचीच धडधडते. चार भाकऱ्या खाऊन अंगाला लागत नसत, तर आई म्हणे, "आमच्या म्हायेरची हाडं हायती, त्याला कोण काय करणार!"

आईचं माहेर इंदुरीचं. तिला दिलं नवलाख उंबरे गावात. आमची चार एकर जमीन, तिच्या शेजारी पुढे कारखाने उभे राहिले. गावात आईची ओळख एकच होती, भांडखोर. ती नळावर भांडली, भावकीशी भांडली, शाळेत येऊन माझ्या मास्तरांशी भांडली. बोलायला लागली की तिच्या मानेवरची शीर उडताना दिसे. बायका मागे म्हणायच्या, "उष्ण डोक्याची हाय. भावाचं बी तसंच." घरात सब्जा, गुलकंद, खडीसाखर सतत असे. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, पौष महिन्यात उघड्या अंगानं अंगणात झोपायचा आणि त्याचं लोकांना कौतुक होतं. आईचं कौतुक कुणी केलं नाही. बाईच्या उष्णतेला तापटपणा म्हणतात.

मशीनचा रिपोर्ट घेऊन मी तळेगावातल्याच एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गळा चाचपला, नाडी मोजली आणि कार्बिमॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड वर्ष घ्यायच्या, मग बंद. मी नेमानं घेतल्या. वजन चार किलोनं वाढलं, हात थांबले. दीड वर्षानं गोळ्या बंद केल्या आणि तीन महिन्यांत सगळं जसंच्या तसं परत आलं.

"टेन्शन घेता का फार?" डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून त्यांना ते कारण पुरलं.

पुन्हा गोळ्या. पुन्हा बंद. मुलगी झाली, ते दिवस वेगळ्या औषधावर काढले. ती दोन वर्षांची असताना तिसऱ्यांदा बंद केल्या आणि तिसऱ्यांदा तेच. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काहींचं असतं असं हट्टी." त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे रोज शंभर माणसं येत. पण माझं काम रोज तेच होतं. मी दिवसभर लोकांचे रिपोर्ट बघत होते, आणि माझा रिपोर्ट त्यात बसत नव्हता.

ज्यांची थायरॉइड अशी जोरात चालते, त्यातल्या पुष्कळ जणांच्या रक्तात एक अँटिबॉडी सापडते. शरीर स्वतःच तयार करतं ती. ती जाऊन थायरॉइडला डिवचत राहते. मी माझी ती चाचणी करून घेतली. नाही सापडली. सहा महिन्यांनी पुन्हा केली, तरीही नाही. गळ्यात एखादी सुटी गाठ असेल म्हणून सोनोग्राफी केली. गाठ नाही, सगळी ग्रंथीच सारखी सुजलेली. मग तिला डिवचतंय कोण? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "गोळीनं कंट्रोलमध्ये आहे ना? मग झालं."

खरं सांगायचं तर माझं एकटीचं असतं तर मीही म्हटलं असतं, झालं. पण मुलगी दुसरीत गेली आणि तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"हुशार आहे, पण एका जागी बसत नाही. आणि वर्गात सगळ्यांत उंच आहे. घरी काही सांगून बघा."

मी मुलीला घेऊन बाहेर आले. शाळेच्या पायरीवर बसवून तिचं मनगट हातात धरलं आणि घड्याळात बघत नाडी मोजली. ती पळून आली नव्हती, खेळत नव्हती, माझ्याकडे बघत गप्प बसली होती. तरी एकशे अठ्ठावीस.

"आई, काय करतेस?"

"काही नाही, मोजतेय."

"बाई रागावल्या का माझ्यावर?"

"नाही गं. तुझं काही चुकलेलं नाही."

त्याच दुपारी मी तिला लॅबमध्ये नेलं. हजारो लोकांचं रक्त काढलेल्या मी त्या दिवशी तिची शीर तीनदा चाचपून मगच सुई घातली. मशीननं टीएसएचसमोर तीच खूण दाखवली, जी तेरा वर्षांपूर्वी माझ्यासमोर दाखवली होती. मी रिपोर्ट छापला, घडी घातली आणि ठरवलं, आता 'झालं' असं कुणी म्हटलं तरी ऐकायचं नाही. कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही.

माझा नवरा नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टला आहे. त्यानं सुट्टी टाकली आणि आम्ही पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, पन्नाशीच्या. मी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून नेले होते. त्यांनी ते शेवटापासून पहिल्यापर्यंत उलटे वाचले. मग चष्मा काढला.

"तुमच्या आईला काय त्रास आहे?"

"काहीच नाही. ती कधी डॉक्टरकडेच गेलेली नाही. मागे बांधावर घसरली तेव्हा मनगट मोडलं होतं, तेवढंच."

"किती उंचीवरून पडल्या?"

"बांध तो. हातभर असेल."

"थायरॉइड जोरात असली की हाडंही ठिसूळ होतात. स्वभाव?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तापट."

"आणि त्यांच्या माहेरी?"

मी मामाचं उघड्या अंगानं झोपणं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. कागदावर एक लहानसा वंशवृक्ष काढला आणि आई, मामा, मी, मुलगी अशा चार ठिकाणी खुणा केल्या. दोन भरीव, दोनांत प्रश्नचिन्ह. "या दोघांचं रक्त आणा," त्या म्हणाल्या. "मला एक शंका आहे. पण आधी बघू या."

आईला विचारलं तर ती भांडलीच. "मला काय झालंय? साठीला आले, अजून पाटी उचलते. तू सुया टोचायला शिकलीस म्हणून घरच्यांनाच टोचणार व्हय?" मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं ताट सरकवून ठेवलं आणि उठून गेली.

मग मी इंदुरीला मामाकडे गेले. दिवाळी होऊन गेली होती, भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं. इंद्रायणीच्या काठचं मामाचं खाचर, तिथं तो विळा घेऊन वाकलेला. मी बर्फाचा डबा आणि नळ्या घेऊन बांधावर उभी राहिले.

"काय गं बाई, रविवारी कुटं निघालीस डबा घेऊन?"

"तुमच्याकडेच. रक्त पाहिजे थोडं."

"रक्त?" तो हसला. "हितं भात काढू का तुला रक्त देऊ?"

"भात काढा. मी थांबते."

मी खरोखरच बांधावर बसले. त्यानं एक वाफा कापला, दुसरा कापला. मधेमधे माझ्याकडे बघे. ऊन तापलं. मामी न्याहारी घेऊन आली तेव्हा त्यानं हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसला. भाकरी मोडताना त्याचा हात थरथरत होता. मी तो हात धरला आणि न विचारता नाडीवर बोटं ठेवली.

नाडी जलद असेल असं मला वाटलंच होतं. पण ती नुसती जलद नव्हती. दोन ठोके लागोपाठ, मग एक चुकलेला, मग तीन घाईघाईनं, मग पुन्हा थांबा. कसलाही ठेका नाही. मी शिकताना पुस्तकात वाचलं होतं, बोटाखाली पहिल्यांदाच लागलं.

"मामा, छातीत कसं होतं तुमच्या?"

"पाखरू फडफडल्यावाणी होतं कवाकवा. लय वर्सं झाली. आमच्या बाचं बी व्हायचं. त्यात काय?"

"त्यात पुष्कळ काय. उद्या तळेगावला या. हृदयाचा कागद काढू, ईसीजी."

"उद्या न्हाई. भात काढून होऊ दे."

"भात मामी काढतील, मजूर लावा. उद्या या."

"आगं, धा दिवसांनी येतो म्हणतोय ना! ते घे रक्त आन जा."

त्यानं बाही सरकवली. शेतकऱ्याची शीर दोरीसारखी वर असते, एका टोचणीत नळी भरली. मी ती डब्यात ठेवली आणि मामीला बाजूला घेऊन बजावलं. ती म्हणाली, "माझं ऐकत्यात व्हय ते?" मी निघाले. मी अजून थांबायला हवं होतं. बांधावर बसून रक्त मिळवलं, तसंच बसून त्याला गाडीत घालायला हवं होतं. रक्त मिळालं या आनंदात मी निघून आले.

मामाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तीच खूण. मी फोन केला, तो म्हणाला, "व्हय व्हय, मळणी झाली की आलोच." रोज फोन केला, रोज तेच. आठव्या दिवशी सकाळी दहाला मामीचा फोन आला, तिला धड बोलता येत नव्हतं. मळणीच्या मशीनपाशी पेंढी देता देता मामाच्या हातातून पेंढी गळली. उचलायला वाकला तर डावा हात उठेना. तोंड वाकडं झालं.

मी लॅबमधून तशीच हॉस्पिटलला पळाले. त्याला गाडीतून आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण जीभ वळत नव्हती. हृदयाच्या त्या बिनठेक्याच्या ठोक्यांनी आत रक्ताची गुठळी झाली होती, ती मेंदूत गेली होती. वेळेत आणलं म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. संध्याकाळपर्यंत जीभ थोडी सुटली.

आई तासाभरात नवलाख उंबऱ्याहून आली होती. भावाच्या पायाशी उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं. पण ती माझ्याकडे वळली आणि तिनं हातातल्या बांगड्या वर सरकवल्या.

"घे."

"काय?"

"रक्त घे. आन मला सगळं सांग. जे असंल ते."

हॉस्पिटलच्या बाकावर बसवून मी तिचं रक्त काढलं. दंड इतका बारीक होता की पट्टा दोन वेढे घेऊन बांधावा लागला. आयुष्यभर या दंडाला मी घाबरत आले होते.

तिचाही रिपोर्ट तसाच आला. डॉक्टरबाईंनी आम्हा चौघांचं रक्त जनुकं तपासणाऱ्या लॅबला पाठवलं. पाच आठवड्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. मी, आई आणि मुलगी गेलो. मामा अजून घरी व्यायाम करत होता.

आईनं पहिला प्रश्न विचारला, "काय पाप केलंय आमी?"

"काही नाही, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची आईच्या जवळ ओढली आणि माझ्याऐवजी तिलाच सांगायला सुरुवात केली. "गळ्यात ही थायरॉइड. ती कामाला कधी लागते? मेंदूच्या खालून निरोप आला की. त्या निरोपाचं नाव टीएसएच. थायरॉइडच्या पेशीवर त्याची एक जागा ठरलेली असते, रिसेप्टर म्हणतात. निरोप तिथं येऊन चिकटला की रिसेप्टर आकार बदलतो आणि आत सांगतो, काम सुरू करा."

"बरं."

"निरोप बंद झाला की काम मंदावतं. तुमच्यात निरोप कधीच बंद झालाय. मेंदू म्हणतोय, पुरे, पुरे. पण तुमच्या रिसेप्टरचा आकार जन्मापासूनच बदललेला आहे. निरोप न येताच तो आत सांगत राहतो, काम करा, काम करा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण कुणी काही चिकटल्याशिवाय रिसेप्टर काम करेलच कसा?" आम्हाला शिकवलं होतं ते कुलूप आणि किल्लीचं. किल्लीशिवाय कुलूप उघडत नाही.

"सगळेच शिकतात तसं," त्या म्हणाल्या. "पण रिसेप्टर कुलपासारखा निर्जीव, घट्ट नसतो. तो सारखा हलत असतो, या आकारातून त्या आकारात. कुणी आलं नाही तरी थोडा वेळ तो चालू आकारात जातोच. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या पेशींत ही थोडी कुजबुज चालू असते, निरोपाविना. निरोप आला की ती वाढते. रिसेप्टर म्हणजे एक प्रथिन, आणि तुमच्या घराण्यात त्याच्या एका जागी एक कण बदललाय. त्यानं रिसेप्टर चालू आकारातच अडकून बसतो. कुजबुज राहिली नाही, ओरडाच झाला."

मग मला सगळं एकामागोमाग एक कळत गेलं. अँटिबॉडी का सापडली नाही ते. बाहेरून डिवचणारं कुणी नव्हतंच. गोळी बंद केली की परत का यायचं तेही. गोळी हार्मोन बनू देत नाही, पण रिसेप्टरला गप्प करत नाही. ज्यांना अँटिबॉडी असते त्यांची कधीकधी ओसरते. आमचं ओसरणारं काही नव्हतं. तेरा वर्षं मी वाट बघत होते ती कधीच न येणाऱ्या गोष्टीची.

"मग उपाय?"

"पेशीच राहिल्या नाहीत तर ओरडणार कोण? पूर्ण ग्रंथी काढायची. थोडी ठेवली तर ती पुन्हा वाढते. मग रोज सकाळी हार्मोनची एक गोळी, जन्मभर. मुलीला सध्या औषधावर ठेवू. वाढ नीट होऊ दे, मग तिचं ठरवू. मावशींना ऑपरेशनऐवजी किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल देता येईल, ती या पेशी आतूनच जाळते."

मी तिथेच सांगितलं, "माझं ऑपरेशन करा."

परतीच्या वाटेवर देहूरोडपाशी आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "गळा कापणार. आवाज गेला म्हंजे?"

"क्वचित जातो. चांगला सर्जन असेल तर सहसा नाही."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं. पण हिला कधीतरी हेच करावं लागेल. तेव्हा तिनं विचारलं, कसं असतं, तर मला सांगता आलं पाहिजे." मुलगी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चुलतीनं घरी येऊन सांगितलं की तिच्या ओळखीत एकाला झाडपाल्यानं गुण आला. सासूबाईंना वाटे की गोळ्यांनी चाललंय तर उगाच का. मी कुणाशी वाद घातला नाही. लॅबमध्ये पंधरा दिवसांची रजा टाकली आणि तारीख घेतली.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. नर्सनं सांगितलं, कॅल्शियम कमी झालंय, होतं असं, आणि सलाइनमधून ते दिलं. आई शेजारी स्टुलावर बसली होती.

"बोल," ती म्हणाली.

मी घसा ओला केला. "पाणी."

घोगरा होता, पण आवाज होता. आईनं डोळे पुसले आणि लगेच नर्सशी भांडायला निघाली, पाणी द्यायला उशीर का म्हणून.

आठवड्यांमागून आठवडे गेले आणि माझ्या छातीत शांत झालं. ही शांतता मला आधी आवडली नाही. छत्तीस-सदतीस वर्षं जी धडधड मी स्वतःची म्हणून वागवली, ती गेल्यावर मला वाटायचं, काहीतरी बंद पडलंय. गोळीचा डोस जमेपर्यंत चार महिने गेले. त्यात केस गळले, झोप इतकी यायची की एकदा लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या आवाजात बसल्या बसल्या डोळा लागला. मी दर सहा आठवड्यांनी स्वतःचं रक्त काढलं, डोस कमीजास्त केला, आणि एक दिवस टीएसएचसमोर खरा आकडा आला. दशांशचिन्ह, दोन अंक, साधासुधा आकडा. मी तो कागद मशीनवर चिकटवला. सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "मोजता आलं."

मामा बरा झाला, पण डाव्या हाताची मूठ पूर्वीसारखी वळत नाही. रक्त पातळ करायची गोळी आणि थायरॉइडची गोळी मामी त्याला समोर बसून घ्यायला लावते. विळा त्यानं सोडला. गेल्या भातकापणीला मी गेले तेव्हा तो बांधावर बसून मजुरांना ओरडत होता. मला म्हणाला, "त्या दिशी तुजं ऐकलं आसतं तर!" मी म्हणाले, "त्या दिवशी मी उठायला नको होतं." दोघांचंही खरं होतं.

आईनं पुण्याला जाऊन आयोडीनची कॅप्सूल घेतली. अंगातला किरणोत्सार ओसरेपर्यंत काही दिवस तिला मुलांपासून लांब राहायचं होतं, ते तिनं काटेकोर पाळलं. हळूहळू तिचं अंग भरलं, आवाज खाली आला. गावातल्या बायका म्हणायला लागल्या, "म्हातारी किती निवली बघा! तेव्हाच औषध दिलं असतं तर एवढी भांडणं झाली नसती." मलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि एकदा मी ते तिच्यासमोर बोलून गेले. सगळा दोष त्या रिसेप्टरचा होता, तिचा नव्हता, हे सांगून तिला बरं वाटेल असा माझा समज होता.

आई पापड लाटत होती. लाटणं थांबलं.

"कुटली भांडणं?"

"सगळीच गं. म्हणजे तुझा काही दोष नव्हता."

"आपल्या रानाची वाट भावकीनं बुजवली, जेसीबी आणला, तवा मी त्याच्या म्होरं दिवसभर बसले. तुजा बाप घरात बसला व्हता. ती वाट आज हाय का न्हाई?"

"आहे."

"तुज्या मास्तरनं तुला पोरीच्या जातीला शास्त्र कशाला म्हनून वर्गाबाहेर काढलं, तवा मी शाळेत गेले. तू आज मशीनवर बसतीस का न्हाई?"

"बसते."

"मग ते गळ्यातलं भांडलं व्हय? ते मी भांडले." ती पुन्हा लाटायला लागली. पापड फिरवत म्हणाली, "निम्मी भांडणं फुकाची व्हती, ती त्या गळ्याच्या नावावर घाल. निम्मी माजी."

डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते शास्त्र म्हणून अचूक होतं. पण बाई कुठे संपते आणि तिचा रिसेप्टर कुठे सुरू होतो, हे कुठल्याच रिपोर्टवर छापून येत नाही. तेव्हापासून मी आईच्या आयुष्याला आजार म्हणत नाही.

लॅबमध्ये मी एक सवय लावून घेतली. टीएसएच शून्याच्या घरात आणि अँटिबॉडी नाही असा रिपोर्ट आला, की मी रुग्णाच्या डॉक्टरांना फोन करते आणि घरच्यांची चौकशी करा म्हणून सांगते. बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं, एखादी सुटी गाठ, नाहीतर कुणी चुकून घेतलेलं औषध. एक-दोन डॉक्टर माझ्यावर चिडतात. एक म्हणाले, "तुमचं काम रिपोर्ट द्यायचं आहे." मी म्हणाले, "हो सर, तोच देतेय." फोन मी अजून करते.

मुलगी आता बारावं वर्ष संपवतेय. शाळेत कबड्डी खेळते, औषध वेळेवर घेते. आकडे ठीक आहेत, पण मागच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, डोस वाढत चाललाय, ग्रंथीही थोडी मोठी वाटते. मोठ्या सुट्टीत ऑपरेशनचा विचार करा. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. आवाजाचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, केस गळतील तेही सांगितलं. लपवलं काही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू सोबत थिएटरपर्यंत येशील?"

"दारापर्यंत. आत सोडत नाहीत."

"आणि आजी?"

"आजी तर आत यायलाही भांडेल."

ती हसली. मग गंभीर झाली. "मे महिन्यात करू या. जूनमध्ये संघाची निवड आहे, तोपर्यंत पट्टी निघाली पाहिजे."

मी तिला सांगितलं की जून जरा लवकर होईल, डोस जमायला वेळ लागतो, कदाचित या वर्षी निवड हुकेल. तिनं ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं.

"मग एप्रिलमध्ये," ती म्हणाली. "परीक्षा संपली त्याच दिवशी. तू आत्ताच जाऊन विचार."

मी उठले आणि तारीख विचारायला डॉक्टरबाईंच्या दारावर टकटक केली.